पहिला वार आपला नाही

मुलाला कराटेच्या क्लासला घालताना आमचा हेतू अगदी माफक होता. त्यानं संध्याकाळचा दीड तास घराबाहेर राहावं, बस्स. फॉर्मवर ‘आत्मविश्वास, एकाग्रता, आत्मसंरक्षण’ असं बरंच काही छापलेलं होतं आणि त्याखाली मी सहीही ठोकली होती. पण मी गृहकर्जाच्या कागदांवरही न वाचताच सही केलेला माणूस आहे.

त्यानंतर घरात रंग शिरले. पांढरा पट्टा, पिवळा, केशरी, हिरवा. दर रंगाला परीक्षा, परीक्षेला फी, पट्ट्याचे पैसे वेगळे आणि ‘आमचा यलोवर गेला, तुमचा अजून व्हाइटच का?’ हा लिफ्टमधला प्रश्न फुकट. काळ्या पट्ट्याची कल्पना मुळात ज्यूदोवाल्या जिगोरो कानो यांची, 1880च्या दशकातली. कराटेनं ती त्यांच्याकडून उचलली आणि पिवळे-केशरी रंग तर त्याहून बरेच उशिरा आले. पांढऱ्या आणि काळ्याच्या मध्ये आपण केवढी बाजारपेठ मोकळी सोडतोय, हे कानो गुरुजींच्या लक्षात आलं नसावं. आमच्याकडच्या मंडळींच्या लगेच आलं.

अशात एके रात्री ग्रुपवर सेन्सेईंचा निरोप पडला. सेन्सेई म्हणजे सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये शिकवणारे आमचे सर. ‘शनिवार-रविवार शिबिर. स्थळ : दापोलीजवळ मुरूडचा समुद्रकिनारा. निसर्गाच्या सान्निध्यात खडतर सराव. पालकांचा सहभाग सक्तीचा.’ जपानमध्ये अशा शिबिराला गाश्शुकू म्हणतात. क्लासची सगळी माणसं एका जागी मुक्कामाला जातात, एकत्र जेवतात आणि पहाटेपासून घाम गाळतात. आमच्या ग्रुपवर घाम त्याच रात्री सुरू झाला. वेस्टर्न कमोड आहे का? कांदा-लसूण नको असेल तर? सोमवारी युनिट टेस्ट आहे, अभ्यासाला वेळ मिळेल का? किनाऱ्यावर सावली असते का? कराटेविषयी कोणीच काही विचारलं नाही. सेन्सेईंनी प्रत्येक प्रश्नाला ‘ओस्स’ असं उत्तर दिलं. कराटेत हा नमस्कारही असतो आणि होकारही. आमचे सेन्सेई तो ‘हो’, ‘नाही’, ‘बघू’ आणि ‘फोन ठेवतो’ या चारही अर्थांनी वापरतात. त्यामुळे वेस्टर्न कमोड आहे की नाही, हे कोणालाच शेवटपर्यंत कळलं नाही.

मी गुडघा पुढे करून सुटायला बघत होतो. पण बायकोनं मुलाची थिअरीची वही वाचून ठेवली होती.

“फुनाकोशी टोकियोला कराटे दाखवायला गेले तेव्हा किती वर्षांचे होते, माहितीये?”

गिचिन फुनाकोशी. ओकिनावातले शाळामास्तर, जन्म 1868 सालचा. जपानच्या मुख्य भूमीवर कराटे रुजवण्याचं श्रेय ज्यांना देतात ते हे. टोकियोला ते गेले 1922 साली, म्हणजे पन्नाशी उलटल्यावर.

“अगं, पण त्याआधी त्यांनी जन्मभर सराव केला होता.”

“मग तू आत्तापासून कर. तुला पन्नाशीला अजून अवकाश आहे.”

कराटेचा पांढरा गणवेश माझ्या मापाचा निघत नाही, हे त्या आठवड्यात सिद्ध झालं. पोटाला बसणारा घेतला की बाह्या गुडघ्याला लागतात आणि हाताच्या मापाचा घेतला की पट्टा बांधण्याआधी श्वास सोडून द्यावा लागतो. शिवाय शिस्त अशी, की खालच्या पट्ट्यानं वरच्या पट्ट्याला वाकून नमस्कार करायचा. मी पांढरा, चिरंजीव हिरवे. इतकी वर्षं ज्याला मी ‘पाठ सरळ ठेवून बस’ म्हणत आलो, तो ताम्हिणी घाटाच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा टपरीसमोर मला म्हणाला, “बाबा, पाठ सरळ. आणि नजर खाली.” टपरीवाल्यानं मला चहा अर्धा जास्त दिला.

घाटाविषयी मी लिहीत नाही. ज्यांनी शुक्रवारी रात्री टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये, मागच्या सीटवर, प्रत्येक वळणाला ‘ओस्स’ म्हणणाऱ्या बारा मुलांबरोबर घाट उतरलाय, त्यांना सांगायची गरज नाही. बाकीच्यांनी जेवणाआधी हे वाचू नये.

उतरायची सोय नारळी-पोफळीच्या वाडीतल्या एका घरात होती. घराचे मालक सत्तरीचे, सगळे त्यांना अण्णा म्हणत. सेन्सेईंनी पोचल्या पोचल्या भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. अण्णांनी चष्मा पुसून ते शांतपणे वाचलं.

“सकाळी सहाला कुठं जाणार म्हणता?”

“किनाऱ्यावर. ओल्या वाळूत. तिथं पाय घट्ट रोवता येतात.”

“उद्या काय आहे?”

सेन्सेईंनी मोबाइल पाहिला. “शनिवार.”

“अष्टमी,” अण्णा म्हणाले. “आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती.”

कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला बाराच्या आसपास. त्याला ॲप लागत नाही की रेंज लागत नाही.

“मग आपण सातला सुरू करू,” सेन्सेई म्हणाले.

“सहाचा ठोका पडला म्हणून पाणी लगेच मागं फिरत नाही हो. दुपारी या, बाराला. भरपूर वाळू असते.”

“आणि संध्याकाळी?”

“संध्याकाळी पुन्हा सहा-साडेसहा. दिवसातनं दोनदा येते ती. परवा नवमी. पावणेसात.”

“ओस्स,” सेन्सेई म्हणाले. या वेळचा अर्थ पाचवा होता.

अष्टमीची भरती काही उधाणाची नव्हे, त्यामुळे किनारा पुरता बुडाला नव्हता. पण घट्ट, ओली, पाय रोवण्याची वाळू नेमकी पाण्याखाली होती आणि आमच्या वाट्याला आली ती वरची, सुरूच्या झाडांखालची, कोरडी आणि भुसभुशीत. झेंकुत्सु-दाची नावाचा एक पवित्रा असतो. पुढचा गुडघा वाकवायचा, मागचा पाय ताठ आणि टाच जमिनीला टेकलेली. तो करताना जमीन एका जागी असणं गृहीत धरलेलं आहे. आम्ही पुढचा पाय रोवला की तो घोट्यापर्यंत आत जाई. तो काढेपर्यंत मागचा आत गेलेला असे. ‘इची, नी, सान, शी’ असे आकडे पुकारत सेन्सेई पुढे चालले होते आणि आमची रांग हळूहळू फक्त उंची गमावत होती.

त्यातून सुरूची बोंडं. सुरूबन दिसायला फार रम्य असतं आणि फोटोत तर फारच. पण त्या झाडाचं बोराएवढं, चहूबाजूंनी टोकं असलेलं बोंड वाळूत दडून बसतं आणि अनवाणी माणसाची वाट पाहतं. कराटेत वार करताना पोटातून जी आरोळी द्यायची असते तिला किआय म्हणतात. क्लबहाऊसमध्ये वर्षभर कोणाची किआय खोकल्याच्या वर गेली नव्हती. इथं सहाव्या ठोशाला माझा उजवा पाय बरोबर बोंडावर पडला आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्यानं किनाऱ्यावरची कुत्री उठून उभी राहिली.

“बघा!” सेन्सेई थांबून म्हणाले. “याला म्हणतात किआय! कुठून आला आवाज?”

“पोटातून!” मुलं ओरडली.

मी दुरुस्ती केली नाही. वर्षभरात सेन्सेईंनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक होतं. कुत्र्यांनीही पुढचा सगळा सराव सोडला नाही. प्रत्येक दहाव्या आकड्याला ती आमच्याबरोबर ओरडत आणि खरं सांगायचं तर त्यांची एकवाक्यता जास्त होती.

मग किबा-दाची. घोड्यावर मांड ठोकल्यासारखं दोन्ही गुडघे फाकवून, वाकवून उभं राहायचं आणि सेन्सेई ‘बस’ म्हणेपर्यंत हलायचं नाही. आम्ही ओळीनं तसे उभे असताना एक घोडागाडी येऊन समोर थांबली. गाडीवाल्यानं आमच्याकडे पाहिलं. गिऱ्हाईक बसायच्या तयारीतच उभं आहे असा त्याचा समज झाला असावा. “एक राउंड शंभर,” तो म्हणाला. पवित्रा मोडायचा नव्हता, त्यामुळे कोणी मान हलवून ‘नाही’ही म्हणू शकेना. गप्प बसलेलं गिऱ्हाईक भाव पाडतंय असं समजून तो ऐंशीवर आला, मग साठवर. साठला आमच्या रांगेतल्या एका काकूंनी पवित्रा मोडला.

खरी फूट मात्र डॉल्फिननं पाडली. या भागात सकाळी होड्या भरून लोकांना डॉल्फिन दाखवायला नेतात. ऐन काताच्या मध्यावर एक होडीवाला किनाऱ्यावरून ओरडत गेला, “डॉल्फिन, डॉल्फिन, दोनच सीट राहिल्या!” काता म्हणजे काल्पनिक शत्रूंशी ठरलेल्या क्रमानं लढायचं. आमच्या लोकांनी डावीकडचा शत्रू परतवला, उजवीकडचा परतवला आणि मागचा शत्रू परतवायला वळले ते थेट होडीकडेच गेले. दोन सीटवर नऊ पालक बसले. रविवारी सकाळी सेन्सेई स्वतःही गेले. काळ्या पट्ट्यावर नारिंगी लाइफ जॅकेट. फोटो ग्रुपवर आहे.

पण मुरूडला युद्धकलेचा कस कुठं लागला असेल तर तो किनाऱ्यावर नाही, न्हाणीघराच्या दारात. घराच्या मागं नारळाच्या सोडणांवर तापणारा एकच बंब होता आणि आम्ही तिसाच्या वर माणसं, सगळी वाळूनं माखलेली. इथं पट्ट्याची ज्येष्ठता चालत नव्हती. टॉवेल टाकून जागा धरणं, दुसऱ्याची बादली ‘चुकून’ सरकवणं, ‘मुलाला सर्दी आहे’ हे जोरात म्हणणं, अशी एकाहून एक तंत्रं तिथं पाहायला मिळाली. चलाखी अशी, की ओकिनावाच्या गुरूंनीही टिपणं काढली असती. त्या सगळ्यांना पुरून उरल्या एक आजी. “मला फक्त तोंडावर पाणी घ्यायचंय,” एवढं म्हणून त्या रांगेच्या पुढं गेल्या, आत शिरल्या, कडी लावली आणि केस धुऊन बाहेर आल्या. हे तंत्र कोणत्याही पट्ट्याच्या अभ्यासक्रमात नाही आणि त्यावर प्रतिडाव अजून कोणाला सापडलेला नाही.

संध्याकाळी आत्मसंरक्षण. जोड्या लावल्या. एकानं हल्ला करायचा, दुसऱ्यानं मनगट सोडवून घ्यायचं. माझ्या वाट्याला बँकेतून निवृत्त झालेले, शेजारच्या विंगमधले एक काका आले.

“धरू का?” त्यांनी विचारलं.

“धरा ना.”

“लागलं तर सांगा हं.”

“छे छे, तुम्ही निःसंकोच धरा.”

त्यांनी नाडी बघावी तसं माझं मनगट धरलं. मी ते सोडवलं.

“लागलं का?” मी विचारलं.

“मला? नाही हो. तुम्हाला?”

आजूबाजूला पाहिलं तर सगळ्या जोड्यांत हेच चाललं होतं. एक काकू हल्लेखोराची क्षमा मागत होत्या. एकीनं हल्ला करण्याआधी बांगड्या उतरवून पर्समध्ये ठेवल्या आणि पर्स हल्ला व्हायचा होता तिच्याकडेच सांभाळायला दिली. सेन्सेई वैतागले.

“तुम्ही हल्लेखोर आहात! जरा राग आणा चेहऱ्यावर!”

काकांनी डोळे मिटून प्रयत्न केला. “कशाचा आणू?” त्यांनी मला हळूच विचारलं.

“पार्किंगचा आणा,” मी म्हणालो.

पुढच्या क्षणी माझ्या घड्याळाचा पट्टा तुटला. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या जागेत कोणीतरी लावलेली पांढरी गाडी त्यांच्या बोटांत उतरली होती. सेन्सेईंना हा उपाय इतका आवडला की त्यांनी तो सगळ्यांना लावला. एका जोडीला गच्चीची गळती दिली, एकीला लिफ्टची वर्गणी, एकीला कुत्र्यांना जिन्यात खायला घालण्याचा प्रश्न. पाच मिनिटांत मुरूडच्या किनाऱ्यावर असं काही रण पेटलं की घोडागाडीवाले गाड्या लांब घेऊन गेले. लिफ्टवाल्या जोडीला सोडवायला दोन ब्राउन बेल्ट लागले. तो वाद अजून मिटलेला नाही. सर्वसाधारण सभेपुढे ठेवलाय.

रात्री अंगणात जेवणं झाली. सेन्सेईंचा बेत उकडलेले मूग आणि केळी असा होता. अण्णांच्या घरातून तांदळाची भाकरी, सुरमई आणि सोलकढीचा वास येत होता. शाकाहारी मंडळींना उकडीचे मोदक. मुगाचं पातेलं जसंच्या तसं परत गेलं, ते दुसऱ्या दिवशी अण्णांच्या गाईला दिलं. तीही थोडेच खाऊन थांबली.

मग सेन्सेईंनी मुलांना फुनाकोशींची गोष्ट सांगितली. तरुणपणी ओकिनावात मोठं वादळ आलं असताना ते म्हणे घराच्या छपरावर चढले, किबा-दाचीत उभे राहिले आणि हातातली चटई वाऱ्यापुढं आडवी धरली. वारा त्यांना खाली फेकायचा, ते चिखलात पडायचे आणि पुन्हा वर चढून उभे राहायचे. मुलं भारावली. अण्णा कोपऱ्यात सुपारी कातरत ऐकत होते.

“चटई कशाला धरली?”

“स्वतःची ताकद अजमावायला.”

“आणि घरच्यांनी चढू दिलं?”

सेन्सेई गप्प.

“आमच्याकडे 2020 साली आलं होतं ना, निसर्ग वादळ. 3 जूनला. दुसऱ्या दिवशी अख्खं गाव छपरांवर होतं. ताडपत्र्या धरून.”

“कोणत्या पवित्र्यात?” माझ्या मुलानं विचारलं.

“कौल निसटणार नाही अशा,” अण्णा म्हणाले.

सेन्सेईंनी विषय तत्त्वज्ञानाकडे वळवला. कराटेत पहिला वार आपण करायचा नाही, ही फुनाकोशींची शिकवण. यावर अण्णा प्रथमच प्रसन्न झाले.

“हे बरीक पटलं. आमचंही तेच. पलीकडच्या बांधावर तीन कलमं आहेत आंब्याची, त्यांच्यावरून चुलत्यांशी वाद. वडिलांच्या वेळेपासून दापोलीला केस चालू आहे. पण पहिली नोटीस त्यांची! आमची नाही.”

“मारामारी नाही झाली कधी?”

“मारामारी कशाला? मिटून जाईल ना मग.”

रविवारी सकाळी, भरती होतीच म्हणून, प्रात्यक्षिकं अंगणात झाली. आमच्यातले एक बाबा मूळचे कोल्हापूरचे. दोन दिवस प्रत्येक पवित्र्याला ते ‘हे काहीच नाही, आमच्या कोल्हापुरात’ अशी सुरुवात करत होते. मर्दानी खेळ, लाठी, फरी-गदका, दांडपट्टा. दांडपट्टा तर 2024 साली राज्यशस्त्र म्हणून जाहीर झालाय, तेव्हा ते चुकीचं काही बोलत नव्हते. फक्त थांबत नव्हते. शेवटी सेन्सेई म्हणाले, “दाखवाच.” लाठी नव्हती. भिंतीला आंबे उतरवायचा झेला टेकवलेला होता, लांब बांबूच्या टोकाला जाळीची पिशवी. त्यांनी तो उचलला.

“स्वतः फिरवलाय ना कधी?” मी विचारलं.

“अगदी जवळून पाहिलाय,” ते म्हणाले आणि गरकन फिरले.

पहिल्या फेरीत वाळत घातलेले चार गणवेश गेले, दुसरीत अंगणातला दिवा. तिसऱ्या फेरीत झेला जिथं थांबला तिथं त्याच्या जाळीत सेन्सेईंची टोपी अलगद येऊन बसली होती. हंगामात आंबाही इतका नीट उतरत नाही, असं अण्णा म्हणाले.

समारोपाला कौल फोडायचं होतं. पुण्याहून आणलेल्या फरश्या घाटातच फुटल्या होत्या, म्हणून सेन्सेईंनी अण्णांच्या घरामागं रचून ठेवलेल्या जुन्या मंगलोरी कौलांतलं एक मागितलं. दोन विटांवर ते आडवं ठेवलं. मोबाइल वर झाले. सेन्सेईंनी डोळे मिटले, श्वास भरला, कुत्र्यांसह आम्ही सगळ्यांनी आरोळी दिली आणि हात खाली आला.

कौल होतं तसंच राहिलं.

“जुना माल आहे,” अण्णा समजुतीनं म्हणाले. “हल्लीचं असतं तर गेलं असतं.”

सेन्सेईंनी हात पाठीमागं घेतला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, याला म्हणतात काळा पट्टा. तेवढ्यात पोफळीवरून एक माकड घराच्या छपरावर उतरलं, दोन उड्या मारून पलीकडं गेलं आणि मागे दोन कौलं फुटली.

“रोजचं आहे,” अण्णा म्हणाले. “त्यांची परीक्षा वगैरे काही नसते.”

परतीच्या प्रवासात सगळे झोपले होते. पालकांनाही प्रमाणपत्रं मिळाली, जाड कागदावर, सोनेरी काठाची. माझ्या प्रमाणपत्रावर नावाआधी ‘कुमारी’ छापलंय आणि पट्ट्याचा रंग पिवळा. रंगाबद्दल माझी तक्रार नाही. नावाच्या दुरुस्तीसाठी अर्ज दिला आहे. दुरुस्तीची फी दीडशे रुपये आहे.